लताला उभं करायचं ठरलं

२ फेब्रुवारी १९७८, गुरुवार

एस्तूला आंघोळ घालताना तिच्या करगोट्यात ताईत सापडला. मेणानं बुजवलेला, तेलानं चिकट झालेला. नाकाशी धरला तर लसणाचा आणि जळक्या केसांचा वास. नात तीन वर्षांची, तिला काय कळतं? पाणी उडवून हसत होती.

पोरीला आकडी येते. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. डोळे फिरतात, तोंडाला फेस येतो. सिव्हिलच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, त्या चालू आहेत. आणि वर हे.

हे काम माझ्या सुनेचं, लताचं. दिसायला गरीब. चर्चमध्ये डोक्यावरचा पदर हलत नाही, भजनात आवाज सगळ्यांच्या वर. आणि घरी पोरीच्या कमरेला भगताची घाण. ती नळावर गेली होती. आल्यावर मी काही बोलले नाही. ताईत काढलाही नाही, पुराव्याला राहू दे म्हटलं. बोलायचं ते बोलायच्या ठिकाणी बोलू.

४ फेब्रुवारी, शनिवार

पाळकांकडं जाऊन आले. आमचे पाळक वाल्मीकराव, तरुण आहेत, येऊन वर्ष झालं. मलम लावल्यासारखं बोलतात. दर रविवारी माया, माया आणि माया. तिथं खंडेराव मास्तर बसलेले. मिशनच्या शाळेतून रिटायर झाले, आता पंचांचे मुख्य. तपकीर ओढतात, शिंकतात, मग रुमाल उलगडून आत काय आलं ते बघतात. मी मान फिरवून बोलले.

दोघांसमोर सगळं सांगितलं. मला वाटलं, पाळक घरी येतील, प्रार्थना करतील, लताला दोन कडक शब्द ऐकवतील. मास्तरांनी तर टोपण काढून वही उघडली. "भगत कुठला? कधी गेली?" मी म्हटलं, पेठ तालुक्याच्या बाजूचा असेल, तिकडं भगत लय आहेत.

पाळक म्हणाले, "आजी, प्रेमानं घेऊ."

मी म्हटलं, "प्रेमानं घेऊन घेऊनच मंडळी सडली."

मास्तर खूश झाले. तेही मला आवडलं नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. भाकर वाटायच्या आधी मास्तर पुढं उभे राहिले आणि वाचलं. लता भिकन गांगुर्डे यांनी मुलीच्या अंगावर भगताचा ताईत बांधला, सबब त्यांना शिस्तीखाली ठेवलं आहे. मंडळीपुढं उभं राहून कबुली देईपर्यंत त्यांना प्रभुभोजन मिळणार नाही.

एवढ्या लवकर वाचतील असं मला वाटलं नव्हतं. पण वाचलं ते वाचलं.

ताट फिरत आलं. लतानं हात पुढं केला होता, ओंजळ करून. ऐकू आलं नव्हतं की सवयीनं केला, कोण जाणे. ताट तिच्यावरून पुढं गेलं आणि ओंजळ तशीच राहिली. मग तिनं मान वळवली. मास्तरांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं हे तिला कसं कळलं?

मी माझा तुकडा खाल्ला. घशाला चिकटला. आज भाकर नीट भाजली नव्हती.

६ फेब्रुवारी, सोमवार

लता सकाळच्या एसटीनं माहेरी नामपूरला गेली. एस्तूला घेऊन. गोळ्यांची डबी नेली, पोरीचा स्वेटर विसरला. चूल पेटवली नाही की चहा ठेवला नाही.

भिकन डेपोतून आला, माझा लेक. तो एसटीत मेकॅनिक आहे. हातपाय न धुता, ग्रीसच्या हातानं तसाच भिंतीला टेकून बसला.

"आई, तू तिला आधी विचारलं का नाही?"

"चोराला काय विचारायचं?"

"मग मलाही चोर म्हण. मी तिला पेठेला घेऊन गेलो. रजा काढून. ताईताचा दोरा मी बांधला, तिला गाठ बसेना."

माझ्या पोटचा, रविवारच्या शाळेत पाठांतरात बक्षीस मिळवलेला.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगायचं काही कारण नाही. तो बाहेर कामाला जाणारा माणूस आहे.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

शेजारची भागीबाई आली. पीठ मागायला आली म्हणते, पण तिची परात घरीच होती. म्हणाली, "नवसाबाई, लता कधी उभी ऱ्हाणार हाय? मला त्या दिवशी पुढं बसायचं हाय." असल्या बाईच्या हातचं पाणी पिऊ नये.

जाता जाता म्हणाली, "तुम्ही पण उभ्या राहिल्या व्हत्या ना? मी लहान व्हते. तुमचं पोलकं ओलं झालं व्हतं."

हिला चाळीस वर्षांपूर्वीचं बरोबर आठवतं, घेतलेली वाटी परत द्यायची आठवत नाही.

हो, उभी राहिले होते. लपवायचं काय? माझं पहिलं पोर सात महिन्यांचं होतं. ताप उतरेना. मी त्याच्या दंडाला मुळी बांधली, बाजारातल्या बाईनं दिलेली. पोर गेलं. मिशनच्या गोऱ्या मिससाहेब त्याला शेवटचं धुवायला आल्या, तेव्हा त्यांनी मुळी बघितली. बघितली नसती तरी कळलंच असतं, सासूनं आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं. अकराव्या दिवशी रविवार आला. मी उभी राहिले. दूध अजून येत होतं, पोलकं भिजलं. मिससाहेब म्हणाल्या, मोठ्यानं बोल, मागं ऐकू जात नाही. मोठ्यानं बोलले.

माझं भलंच झालं त्यानं. पुढं कधी वाकडं पाऊल पडलं नाही. सासूशी नंतर सोळा वर्षं कामापुरतंच बोलले. ती मेली तेव्हा मला रडू आलं नाही. एका घरात राहिलं म्हणजे रडायलाच पाहिजे असं काही नाही.

मुद्दा हा की मी उभी राहिले आणि मेले नाही. लतालाही काही होणार नाही.

२२ फेब्रुवारी, बुधवार

पंच घरी आले. मास्तर आणि पाळक. मास्तरांनी दोन कप चहा बशीत ओतून फुरफुर करत प्यायला. मिशीला साय लागली, ती जिभेनं ओढून घेतली. बघवत नव्हतं.

म्हणाले, "ईस्टरपर्यंत मुदत. उभी राहिली तर ठीक. नाही तर नाव वहीतून काढावं लागेल."

"नाव काढल्यावर काय?"

"मंडळीचा संबंध संपला. लग्न, मयत, कबरस्थान, काही नाही." मग दोरीवर वाळत घातलेल्या एस्तूच्या झबल्याकडं बघून म्हणाले, "आजारी पोरीचं घर आहे. विचार करा."

किटली माझ्या हातात राहिली नाही, जमिनीवर आपटली. तीन वर्षांची जिवंत पोर, आणि हा माणूस तिच्या खड्ड्याची जागा मोजतो. धर्म धर्म म्हणतात तो हा? पाळकांकडं बघितलं. एरवी तोंडातून माया गळते. आज बशीतल्या चहाकडं बघत बसले होते, जसं त्यात कोणी बुडालंय.

गेल्यावर दोघांचे कप राखेनं दोनदा घासले.

४ मार्च, शनिवार

पाळक एकटेच आले. बसा म्हटलं नाही, तरी बसले. शास्त्र उघडून माझ्यापुढं ठेवलं. "आजी, मत्तय, अठरावा. तुम्ही वाचा."

मला मिससाहेबांनी अक्षरं शिकवली तेवढीच येतात. बोट ठेवून ठेवून वाचलं. येशू सांगतो, तुझ्या भावाचं चुकलं तर तू जा, तो आणि तू दोघंच असताना त्याला सांग. ऐकलं तर तुझा भाऊ तुला मिळाला. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने. तरी नाही ऐकलं तर मग मंडळीला सांग.

परत वाचलं. माझं बोट पहिल्या ओळीवर अडकलं.

चाळीस वर्षं हेच शास्त्र ऐकतेय. आम्हाला नेहमी शेवटचं वाचून दाखवलं. मंडळीला सांग, मंडळीला सांग. आधीच्या दोन पायऱ्या कुठं होत्या? मीही कधी उघडून बघितलं नाही. माझंच डोकं.

मग राग आला. "पाळकसाहेब, हे तुम्हाला पाठ असेल. मी त्या दिवशी आले तेव्हा का नाही म्हणालात, आजी, आधी घरी जा, सुनेशी बोला?"

मग म्हणाले, "मास्तर समोर होते. मी त्यांचा विद्यार्थी. अजून ते बोलले की छडीसाठी हात पुढं करावासा वाटतो."

तीस वर्षांचा पुरुष, गळ्याला पांढरी पट्टी, आणि हे उत्तर. अशी माया काय चाटायची? मऊ तर पिकून सडलेलं केळंही असतं.

"मग मास्तरांना जाऊन सांगा, तुमचं चुकलं. ते आणि तुम्ही, दोघंच."

म्हणाले, प्रार्थना करतो. करा.

९ मार्च, गुरुवार

नामपूरला जाऊन आले. जाताना सटाण्याला गाडी बदलली, शेजारच्या बाईच्या टोपलीत कोंबड्या, सगळा प्रवास पायावर घाण. शास्त्रात लिहिलंय तर पहिली पायरी करून टाकू, एवढाच हेतू. मला काही तिची आठवण येत नव्हती.

लताची आई, माझी विहीण फुलाबाई दारातच उभी. "या बठा, इहीणबाई. नाव नवसाबाई नि नवसले नावे ठेवतस? मन्ही पोर आठेच ऱ्हाई." मी म्हटलं, नाव माझ्या आईनं ठेवलं, मला विचारून नाही. पोर कुठाय सांगा. इथंच राहील म्हणता तर तिच्या तोंडून ऐकते.

लता कांद्याच्या खळ्यावर होती, व्यापाऱ्याकडं कांदा निवडायला जाते. सडका बाजूला, चांगला बाजूला. खळ्यात सडक्या कांद्याचा वास असा की डोळे आपोआप वाहतात. एस्तू गोणपाटावर झोपलेली. वाळलीय. मी सूपभर कांदे पुढं ओढले आणि निवडायला बसले. हात रिकामे ठेवून मला बोलता येत नाही.

"लता, तू चुकलीस. ताईत बांधायला नको होता."

"हे सांगायला इथवर आल्या?"

"हो. आधी एकटीनं सांगायचं असतं. माझं राहून गेलं होतं."

ती हसली, कडू. "सांगितलं ना? झालं? मला वाईट वाटत नाही, आत्याबाई. आकडीत पोरीचे ओठ निळे होतात. त्या वेळी कोणी म्हटलं असतं गटारातलं पाणी पाज, तर पाजलं असतं."

"तरी चुकलीस."

"चुकले. आता माझं ऐका. ते पण एकटीनंच सांगते." हातातला सडका कांदा तिनं टाकला नाही, तसाच धरून बोलली. "यांनी दोरा बांधला ते तुम्हाला माहीत आहे. महिना झाला. तुम्ही मास्तरांना सांगितलं?"

"नाही."

"यांचं नाव वाचलं?"

"नाही."

"का?"

मी सुपातला पुढचा कांदा उचलला. कांद्यानं डोळे चुरचुरत होते.

"सुनेचं पाप मंडळीचं आणि लेकाचं पाप घरातलं. असं कोणत्या शास्त्रात आहे ते दाखवा. दाखवलं की मी उभी राहीन."

मी एक पाटी कांदे निवडून दिले आणि परतीची गाडी धरली. येताना खिडकीशी बसले. स्वतःच्या अंगाला सडक्याचा वास येत होता. घरी येऊन साबण लावला, गेला नाही.

१२ मार्च, रविवार

भिकनला स्वयंपाकघरात बसवलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्याचं, मग माझं. म्हटलं, तुझी बायको तिकडं एकटी शिव्या खाते आणि तू इथं माझ्या हातचं पिठलं खातोस, लाज वाटत नाही?

म्हणाला, "वाटते. तू गप्प बसलीस, मला बरं वाटलं. त्याचीच जास्त वाटते."

आम्ही दोघं मायलेक, एकसारखेच. दुसऱ्याचं मडकं फुटलं की बरं वाटणारे.

१९ मार्च, रविवार, झावळ्यांचा

उपासना झाल्यावर पंचांच्या खोलीत गेले. मास्तर, पाळक आणि वही.

"लताबद्दल मी जे सांगितलं ते परत घेते."

मास्तर म्हणाले, "नवसाबाई, हा काय भाजीबाजार आहे? लिहिलेलं खोडता येत नाही. कोणीतरी उभं राहिल्याशिवाय नाही."

"बरं. लिहायच्या आधी तुम्ही तिच्याकडं गेला होता? एकटे?"

"मी कशाला जाऊ?"

"पाळकसाहेब, तुम्ही?"

"नाही, आजी."

"मीही नव्हते गेले. म्हणजे तिघं झालो. मत्तय अठरावा. तिघांनी उभं राहायचं, मग तिचं बघू."

मास्तरांच्या नाकातली तपकीर वर चढली. एवढं शिंकले की वहीचं पान ओलं झालं. रुमाल शोधेपर्यंत बोलता येईना. मग म्हणाले, "बाईनं शास्त्र शिकवायचं नाही."

"मी शिकवत नाही. वाचलं. तुम्हीच मुलांना शिकवत होता ना, वाचायला?"

पाळकांनी खोकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मास्तर, आजींचं बरोबर आहे." आवाज एवढा बारीक की उंदीर वाटावा. पण म्हणाले.

मास्तर वही काखेत मारून निघून गेले.

२६ मार्च, रविवार, ईस्टर

चर्च भरलं होतं. भागीबाई पुढच्या बाकावर, तेल लावून, वेणी घालून. तिला वाटलं लता येणार. लता आली नाही.

मी उभी राहिले. गुडघा कुरकुरला. म्हटलं, मी नवसाबाई गांगुर्डे. सुनेला न विचारता तिचं सांगितलं. लेकाचं माहीत झाल्यावर झाकलं. शास्त्रात पहिली पायरी आहे ती मी केली नाही. एवढंच.

मागून कोणीतरी म्हणालं, मोठ्यानं. मी म्हटलं, एवढंच ऐकू येणार, कान जवळ आणा.

मग भिकन उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं. मी तर नव्हतंच. म्हणाला, दोरा मी बांधला. पुढं बोलता येईना, तरी उभाच राहिला. मी त्याच्या खांद्याला लागते आता.

पाळक म्हणाले, माझंही चुकलं, ही बाई माझ्याकडं आली तेव्हा मी भ्यालो. ते तर उभेच होते, त्यांना काय त्रास? पण मास्तरांकडं बघून बोलले.

मास्तर बसून राहिले. छताकडं बघत होते, जसं तिथं जाळं आहे आणि तेच झाडायचं काम महत्त्वाचं आहे. मग पाळकांनी वही मागितली. मास्तरांनी दिली नाही. पाळकांनी हात पुढं केला आणि तसाच ठेवला. सगळी मंडळी बघत होती. शेवटी दिली. लताच्या नावापुढचं खोडलं.

मला बरं वगैरे वाटलं नाही. शंभर माणसांसमोर आपलं आतलं काढून दाखवायचं, आणि पुढच्या बाकावर एक बाई वेणी घालून बघतेय. किळस येते. चाळीस वर्षांपूर्वीही आली होती. तेव्हा मला वाटलं होतं ती माझीच मला येतेय.

३० मार्च, गुरुवार

भिकन जाऊन दोघींना घेऊन आला. लतानं पिशवी ठेवली आणि आधीच सांगितलं, "तुम्ही उभ्या राहिल्या म्हणून आले नाही. हे उभे राहिले म्हणून आले. आणि नामपूरला गोळ्या मिळत नाहीत."

म्हटलं, बरं. स्वेटर उशाखाली आहे.

एस्तूच्या कमरेला ताईत नव्हता. कुठं गेला, मी विचारलं नाही.

११ एप्रिल, मंगळवार

आज केर काढताना लताच्या पत्र्याच्या डब्यात अर्ध्या अर्ध्या गोळ्या सापडल्या. नऊ. पोरीला पूर्ण गोळी द्यायची, ही अर्धीच देते आणि उरलेली लपवते.

डोक्यात रक्त चढलं. दारात भागीबाई तांदूळ निवडत बसली होती, तोंड उघडायचाच अवकाश. जीभ दाताखाली धरली. दुपारी लता आली. तिला आत घेतलं आणि कडी लावली.

"हे काय?"

"पूर्ण गोळी दिली की दिवसभर झोपते. हसत नाही. मला माझी हसणारी पोर पाहिजे."

"हसणारी मेली तर?"

"असं बोलू नका!"

"बोलणार. माझंही हसायचं. मरायच्या आदल्या सकाळीही हसलं. मला वाटलं, उतरला ताप."

लता रागानंच म्हणाली, "हे मला लग्न झाल्यापासून एकदाही सांगितलं नाही."

"तुला कशाला सांगू? तू गोळ्या फोडत बस."

"मी फोडते, आणि तुम्ही? डबे उघडता माझे!"

"उघडणार. पोर माझीही आहे."

"मग उद्या चला सिव्हिलला. डॉक्टरला विचारा गोळी कमी करता येते का. माझं तो ऐकत नाही, रांग पुढं ढकलतो. तुमचं तोंड तरी उपयोगी पडेल."

"येईन. पण आजची पूर्ण."

"आजची पूर्ण," म्हणाली आणि डबा माझ्या हातातून ओढून घेतला. ओढताना नखं लागली. हात चुरचुरतोय अजून.

भागीबाईनं कडी वाजवली. मी फटीएवढं दार उघडलं.

"काय गं बाई, कसला आरडाओरडा? कोणाचं काय चुकलं?"

"आमच्या घरातलं आहे. तू तांदूळ निवड."

दार परत लावलं. भांडण अजून संपलं नव्हतं.